वाढतो कोण आणि बसायचं कुठे

लंगरची, म्हणजे गुरुद्वारातल्या सर्वांसाठी खुल्या पंगतीची, स्तुती करताना आपण हटकून आकड्यांकडे वळतो. अमृतसरच्या हरिमंदिर साहिबात, म्हणजे सुवर्णमंदिरात, रोज पन्नास हजारांपासून लाखापर्यंत माणसं जेवतात, सणासुदीला त्याहूनही जास्त. मग कढया केवढ्या, डाळ किती क्विंटल, पोळ्यांचं यंत्र तासाला किती पोळ्या काढतं, याच्या चित्रफिती फिरू लागतात आणि खाली शेकडो लोक लिहितात की भुकेल्याला अन्न देण्यासारखं पुण्य नाही. ही दाद मनापासून दिलेली असते. तरी मला ती अपुरी वाटते. लंगरकडे आपण फक्त मोठं अन्नछत्र म्हणून पाहतो, त्यामुळे त्यातलं जे घ्यायला हवं ते तसंच राहून जातं.

गुरुद्वारांचा कारभार पाहणाऱ्या शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटीने १९४५ मध्ये मंजूर केलेली सिख रहित मर्यादा, म्हणजे शिखांची आचारसंहिता, लंगरचे दोन हेतू सांगते. शिखांना सेवा शिकवणं हा एक. उच्चनीच आणि शिवाशीव यांचा भ्रम मिटवणं हा दुसरा. भूक भागवणं हा हेतू त्यात स्वतंत्रपणे मांडलेलाच नाही. भुकेला माणूस लंगरमध्ये पोटभर जेवतो, त्याला कोणी नाव-गाव विचारत नाही, ही फार मोठी गोष्ट आहे. पण लंगर केवळ त्याच्यासाठी लावलेला नसतो. ज्याच्या घरी चार भाज्या शिजतात त्यानेही तिथे येऊन त्याच सतरंजीवर बसावं आणि तीच डाळ खावी, अशी ही योजना आहे. तो आला नाही तर लंगरचं अर्धं काम झालेलंच नसतं.

गुरू अमरदास १५५२ ते १५७४ या काळात गुरुगादीवर होते. बियास नदीकाठच्या गोइंदवालला त्यांनी नियम केला, ‘पहिले पंगत, पाछे संगत’, म्हणजे आधी पंगत, मग सत्संग. भेटीला येणाऱ्याने आधी सगळ्यांसोबत जमिनीवर बसून जेवायचं, मगच गुरूंसमोर यायचं. अकबर बादशहासुद्धा त्या पंगतीत बसला, असं शीख परंपरा सांगते. हा नियम त्या काळात किती कडक होता, ते मराठी माणसाला फोड करून सांगावं लागणार नाही. कोणाला कुठे बसवायचं, कोणाला बसवायचंच नाही, कोणाच्या हातचं पाणी चालतं आणि कोणाची सावली चालत नाही, हे आपल्या पंगतींनी शतकानुशतकं ठरवलं आहे. वाळीत टाकायचं म्हणजे आधी पंगतीतून उठवायचं. रोटी-बेटीच्या व्यवहारावर जात उभी होती आणि गुरू अमरदासांनी त्यातल्या रोटीला हात घातला. उपदेश ऐकून मान डोलावणं सोपं असतं. शेजारी कोण बसला आहे हे दिसत असताना घास तोंडात घालणं तेव्हा सोपं नव्हतं, आणि कित्येकांना आजही नाही.

अन्न वाटण्याची रीत सूफींच्या खानकाहांमध्ये, म्हणजे मठांमध्येही होती आणि तिचा मान तिला द्यायलाच हवा. शीख गुरूंनी तिच्यात पंगतीची सक्ती आणि सेवेची शिस्त आणली. या कामात बायकांचा वाटाही सुरुवातीपासूनचा. दुसरे गुरू अंगददेव यांच्या पत्नी माता खीवी यांच्या लंगरचं कौतुक सत्ता आणि बलवंड या रबाब वाजवणाऱ्या गायकांनी गायलं, आणि ते गुरू ग्रंथ साहिबात समाविष्ट झालं. दाट पानांची सावली देणाऱ्या, तुपाळ खीर वाढणाऱ्या असं त्यांचं वर्णन तिथे येतं. स्वयंपाकघरात राबणाऱ्या बाईचं नाव धर्मग्रंथात यावं, हे मला फार मोलाचं वाटतं.

नांदेडला सचखंड श्री हजूर साहिबात किंवा तिथल्या लंगर साहिब गुरुद्वारात जेवलेल्या माणसाला पुढचं ओळखीचं वाटेल. रांगेत बसायचं. ताटात डाळ, भाजी, कधी खीर. पोळीला तिथे पर्शादा म्हणतात आणि तो दोन्ही हात पुढे करून घ्यायचा. कोणापुढे हात पसरावे लागणं ही आपल्याकडे लाजिरवाणी गोष्ट मानतात. तिथे आख्ख्या रांगेचे हात पसरलेले असतात, ट्रक ड्रायव्हरचे आणि डॉक्टरचेही. जेवण झालं की उष्टी ताटं घासायला जी माणसं उभी असतात त्यांत पगारी किती आणि सेवेला आलेली किती, ते बाहेरच्याला ओळखू येत नाही. जोडाघरात लोकांच्या चपला पुसून ठेवणारा माणूस कारखानदार असू शकतो. लंगर साहिबाशी बाबा निधानसिंगांची आख्यायिका जोडलेली आहे. नांदेड सोडून निघालेल्या बाबांना रेल्वे स्टेशनवर साक्षात गुरू गोविंदसिंगांनी दर्शन दिलं आणि परत पाठवताना सांगितलं, खिसा माझा, हात तुझा. आख्यायिका म्हणून ऐकली तरी तिच्यातला नियम स्पष्ट आहे. पैसा कोणाचा, हा प्रश्न तिथे संपतो. देणाऱ्याकडे मिरवायला काही उरत नाही, फक्त राबायला हात उरतात.

सणांच्या रीतींतही हाच धागा आहे. कडाह प्रसाद घ्या. कणीक, तूप आणि साखर समभाग. अरदास, म्हणजे प्रार्थना, झाली की पाच प्याऱ्यांचा, म्हणजे खालशाच्या पहिल्या पाच शिखांच्या नावाचा, वाटा काढायचा आणि मग संगतीत ओंजळी-ओंजळीत वाटायचा, समोर कोण आहे हे न पाहता. नांदेडचं हजूर साहिब हे शिखांच्या तख्तांपैकी, म्हणजे सर्वोच्च धर्मपीठांपैकी एक. तिथे दिवाळीत तख्त स्नान असतं. गोदावरीचं पाणी घागरींतून आणून भाविक स्वतः तख्ताचा परिसर धुतात, जुनी शस्त्रं स्वच्छ होतात. त्या दिवशी झाडू आणि घागर हातात असणं हाच मान. होळीच्या सुमारास पंजाबातल्या आनंदपुरात होला मोहल्ला हा उत्सव भरतो आणि नांदेडला हल्लाबोलची मिरवणूक निघते. घोडे, निशाण, शस्त्रं असा सगळा लढाऊ थाट असतो, आणि त्याच गर्दीत जागोजागी पंगती बसलेल्या असतात. देग आणि तेग, म्हणजे अन्नाचा हंडा आणि तलवार, ही जोडी शीख परंपरेने एका दमात उच्चारली आहे.

मला सगळ्यांत अंतर्मुख करणारी रीत मात्र छबीलची. पाचवे गुरू अर्जनदेव यांना १६०६ मध्ये लाहोरला हालहाल करून मारलं. तापलेल्या तव्यावर बसवलं, अंगावर तापती वाळू ओतली, अशी परंपरेची आठवण आहे. त्या शहीदीच्या दिवशी, भर उन्हाळ्यात, शीख तरुण रस्त्यात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला गार गोड पाणी देतात, दूध आणि गुलाबाचं सरबत घालून. बस थांबवून देतात, रिक्षा थांबवून देतात. आपल्या गुरूला ज्या आगीने मारलं तिच्या आठवणीतून कोणाही वाटसरूसाठी थंडावा काढायचा, अशी रीत एका समाजाने शोधून काढली आणि ती टिकवली. आपापल्या हुतात्म्यांच्या स्मृतिदिनी रस्ते अडवणाऱ्या, डीजे लावणाऱ्या आपण सगळ्यांनी तिच्याकडे नीट पाहायला हवं.

या परंपरेत सगळं आलबेल आहे असं नाही, आणि तसं भासवणं तिच्यावर अन्याय ठरेल. डिसेंबरच्या अखेरीस फतेहगढ साहिबला शहीदी जोडमेळा भरतो. गुरू गोविंदसिंगांच्या दोन धाकट्या मुलांना तिथे भिंतीत चिणलं गेलं. जुन्या पिढीत त्या दिवसांत लोक साधं खात, जमिनीवर झोपत. अलीकडे मेळ्याच्या वाटेवरच्या लंगरांमध्ये जिलब्या आणि गोडधोडाची चढाओढ दिसू लागली, तेव्हा हा शोक आहे की जत्रा, असा प्रश्न पंजाबातूनच विचारला गेला आणि साधा लंगर लावा अशी आवाहनं झाली. ती योग्यच आहेत. पदार्थांची स्पर्धा सुरू झाली की लावणाऱ्याचं नाव पुढे येतं आणि पंगत मागे पडते.

परदेशात वाद झाला तो टेबलखुर्चीचा. कॅनडातल्या काही गुरुद्वारांमध्ये बरीच वर्षं लंगर टेबलांवर वाढला जात होता. १९९७ च्या जानेवारीत सरे शहरात त्यावरून गुरुद्वाराच्या आवारातच हाणामारी झाली. पुढच्या वर्षी अमृतसरच्या अकाल तख्ताने, शिखांच्या सर्वोच्च धर्मपीठाने, हुकूमनामा म्हणजे आदेश काढला, लंगर जमिनीवर बसूनच घ्यायचा. बाहेरच्यांनी तेव्हा हा वाद क्षुल्लक ठरवला. मला तो क्षुल्लक वाटत नाही, कारण एकाच पातळीवर बसणं हा लंगरचा गाभा आहे आणि त्याची काळजी वाटणाऱ्यांचं म्हणणं समजण्यासारखं आहे. पण गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्याला बाकावर बसू देण्याने ही समता बुडत नाही. ज्या जागेत शेजाऱ्याला आपलं मानायला शिकायचं तिथेच त्याच्यावर हात उगारला, तर तो मात्र पंगतीचा खरा भंग होतो.

सगळ्यांत अवघड प्रश्न जातीचा. १२ ऑक्टोबर १९२० ची गोष्ट. अमृतसरमध्ये खालसा बिरादरी या संघटनेच्या पुढाकाराने अमृत घेतलेले, म्हणजे शीख धर्माची दीक्षा घेतलेले, दलित शीख कडाह प्रसाद घेऊन हरिमंदिर साहिबात गेले. पुजाऱ्यांनी तो स्वीकारायला नकार दिला. अखेर ग्रंथसाहिब उघडून जे पद निघेल ते गुरूचा हुकूम म्हणून घ्यायचं ठरलं, आणि गुणहीनांनाही तोच क्षमा करतो अशा आशयाची ओळ निघाली, तेव्हा कुठे प्रसाद स्वीकारला गेला. अकाल तख्ताचे पुजारी जागा सोडून निघून गेले. गुरुद्वारा सुधारणेची चळवळ त्यातून पेटली आणि सुमारे महिन्याभराने शिरोमणी कमिटी स्थापन झाली. म्हणजे गोइंदवालच्या पंगतीनंतर साडेतीनशे वर्षांनीही खुद्द हरिमंदिर साहिबात दलिताच्या हातचा प्रसाद नाकारला जात होता. आजही पंजाबातल्या अनेक गावांत जातीनिहाय गुरुद्वारे आहेत, वेगळ्या स्मशानभूमी आहेत. राज्यात अनुसूचित जातींचं प्रमाण २०११ च्या जनगणनेनुसार जवळपास ३२ टक्के, देशात सर्वाधिक. जमिनीची मालकी मात्र त्यांच्याकडे नगण्य.

डॉ. आंबेडकरांना हे पुरतं ठाऊक होतं. हिंदू म्हणून मरणार नाही, या १९३५ मधल्या येवल्याच्या घोषणेनंतर त्यांनी शीख धर्माचा गांभीर्याने विचार केला, एप्रिल १९३६ मध्ये ते अमृतसरच्या शीख परिषदेला गेले, माटुंग्याचं खालसा कॉलेज १९३७ मध्ये उभं राहिलं ते याच संबंधांतून. आणि त्याच १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या, न झालेल्या भाषणात त्यांनी स्पष्ट म्हटलं की सहभोजनाने जातीची भावना मेलेली नाही, खरा उपाय आंतरजातीय विवाह. पंगतीत एकत्र बसणारे उठून आपापल्या जातीत मुली देतात, हे सत्य आहे, आणि लंगरचा हवाला देऊन शीख समाजात जात नाही असं म्हणणारा माणूस डोळे मिटून बोलतो.

बाबासाहेबांचं म्हणणं मला मान्य आहे, पण लंगर निरुपयोगी आहे असा अर्थ त्यातून मी काढत नाही. १९२० च्या त्या दलित शिखांकडे कोणतं बळ होतं? त्यांच्याच धर्माचा लिहिलेला, गायलेला, रोज पंगतीत पाळला जाणारा नियम. नकार देणारे पुजारी उघडे पडले, कारण ते स्वतःच्याच ग्रंथाविरुद्ध उभे होते. लंगरने जात संपवली नाही. पण तिला गुरूच्या स्वयंपाकघरात अधिकृत जागाही मिळू दिली नाही. अन्याय झालेल्याला बोट ठेवायला नियम असणं ही लहान गोष्ट नव्हे. आपल्याकडे कित्येक ठिकाणी भेद हाच नियम होता.

हे आपल्याला झोंबायला हवं, कारण या परंपरेत आपलंही रक्त आहे. नामदेवांची ६१ पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत. त्यातल्या एका पदात ते सांगतात, हसतखेळत तुझ्या देवळात आलो, भक्ती करत होतो, तर नाम्याला धरून उठवलं. यादवराया, माझी जात हीन, शिंप्याच्या जन्माला कशाला घातलंस? नामदेवांनी सोसलेला हा अपमान पंजाबने आपल्या ग्रंथात जपला, तिथल्या घुमान गावी त्यांचं स्मारक राखलं. २०१५ मध्ये आपण तिथे साहित्य संमेलन भरवून आलो, भाषणं झाली, सत्कार झाले. पण नामदेवांच्याच पंढरपुरात चोखोबा पायरीपाशी राहिले, आणि विठ्ठलाचं दार सर्वांना उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७ मध्ये प्राण पणाला लावावे लागले. वाळवंटात काला एकमेकांच्या मुखात घालणारी संप्रदायाची रीत होती, देवळाचं दार मात्र बंद होतं.

पंगत मोडण्याचे प्रयत्न आपल्याकडेही झाले. कोल्हापुरात शाहू महाराज गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात जाऊन चहा पीत आणि सोबतच्या मंडळींना पाजत. रत्नागिरीत सावरकरांनी सहभोजनं घडवली. शाहू महाराजांची कृती मला जास्त खोल वाटते. सहभोजनात वरच्या जातीचा माणूस खालच्या जातीच्या माणसाला आपल्या पंगतीत घेतो, म्हणजे यजमान तोच राहतो. गंगाराम कांबळ्यांच्या हॉटेलात वाढणारा दलित होता आणि राजा त्याचा पाहुणा. खरी परीक्षा इथे असते. कोणाला जेवू घातलं, याहून कोणाच्या हातचं खाल्लं, हा प्रश्न अवघड आहे. २०२१ च्या डिसेंबरात उत्तराखंडातल्या चंपावत जिल्ह्यात दलित बाईने रांधलेलं शाळेतलं जेवण मुलांनी नाकारलं. आणि ते लांबचं वाटत असेल तर २०१७ मध्ये पुण्यात घडलेलं आठवावं. स्वयंपाकाला आलेल्या बाईंनी जात लपवून आपलं सोवळं मोडलं, अशी तक्रार एका सुशिक्षित घरातून चक्क पोलिसांत गेली होती.

आता आपल्या गावोगावच्या भंडाऱ्यांकडे आणि गणेश मंडळांच्या महाप्रसादाकडे पाहू. अन्नदानात महाराष्ट्र मुळीच मागे नाही. वारीच्या वाटेवर गावंच्या गावं पिठलं-भाकरी घेऊन उभी राहतात, ते पाहून कोणाचाही ऊर भरून येईल. पण शहरातल्या मंडपात काय दिसतं? अन्नदात्याचा हसरा फ्लेक्स, बुंदीच्या घमेल्याहून मोठा. आधी मान्यवरांच्या खुर्च्या, त्यांना वेगळ्या ताटात, मग ‘पब्लिक’ची रांग. वर्गणीदारांना कुपन. ताटं उचलायला आणि उष्टं गोळा करायला रोजंदारीवरची माणसं, आणि ती कोणत्या वस्तीतून येतात हे सगळ्यांना माहीत असतं. खर्च तोच, कष्ट तेवढेच, तरीही गावातली उतरंड जशीच्या तशी, किंबहुना त्या दिवशी ती मंडपात ओळीने मांडून दाखवलेली.

लंगरबद्दल सरकारनेही नीट विचार करावा. जीएसटी आल्यावर लंगरच्या तूप-साखरेवर कर लागला, ओरड झाली आणि २०१८ मध्ये केंद्राने सेवा भोज योजना आणून धर्मादाय अन्नछत्रांना त्यातला आपला वाटा परत द्यायला सुरुवात केली. ते ठीक झालं. पण लंगरची तारीफ करून राज्यकर्त्यांनी आपली जबाबदारी संपवू नये. २०२० च्या टाळेबंदीत नागपूर-हैदराबाद महामार्गावर, यवतमाळ जिल्ह्यातल्या करंजीजवळ, पत्र्याच्या शेडमधला एक लंगर दिवसरात्र चालू राहिला. चालवणारे बाबा ऐंशीच्या पुढचे. चालत, ट्रकच्या टपावर बसून घरी निघालेल्या मजुरांना कित्येक मैलांत तिथेच अन्न मिळत होतं. त्या बाबांपुढे हात जोडावेत तेवढे थोडे. पण त्या मजुराला रेशन आणि गाडी मिळणं हा त्याचा हक्क होता, आणि तो हक्क लंगरवर ढकलता येत नाही. भूक हा शासनाचा विषय आहे. शिवभोजन थाळी असो, शाळेतली खिचडी असो, ती नीट चालवणं शासनाचं काम. शेजारी कोण बसणार आणि वाढणार कोण, हा विषय मात्र समाजाचा, आणि तो कोणतीही योजना आपल्या वतीने सोडवू शकत नाही.

म्हणून माझं मागणं साधं आहे आणि ते मंडळांच्या, देवस्थानांच्या, सप्ताह समित्यांच्या पुढच्या बैठकीत मांडता येईल असं आहे. महाप्रसादाच्या जागी अन्नदात्याचं नाव नको. पावती त्याच्या घरी द्या, हिशेब फळ्यावर लावा. वेगळ्या खुर्च्या नकोत. आमदार आले तर रांगेत बसतील किंवा वाढायला उभे राहतील, फोटोपुरते दोन मिनिटं नव्हे तर आख्खी पंगत उठेपर्यंत. गुडघे दुखणाऱ्यांसाठी बाक ठेवा, पण ते वयासाठी, हुद्द्यासाठी नव्हे. ताटं घासण्याची पाळी समितीच्या सदस्यांपासून सुरू करा, आणि त्यात पुरुष असू द्या. मग सगळ्यांत अवघड गोष्ट: स्वयंपाकाला गावातल्या सगळ्या आळ्यांमधून माणसं घ्या, भाजी चिरायला नव्हे, कढईवर.

यावर एक आक्षेप येईल तो मला ठाऊक आहे. असं केलं तर काही घरं जेवायला येणारच नाहीत, वर्गणी तुटेल, गावात उगाच तेढ होईल. काही घरं येणार नाहीत, हे खरं असू शकतं. पण ती घरं आज येतात ती कोणत्या अटीवर, हे त्या निमित्ताने तरी समितीच्या टेबलावर येईल. गोइंदवाललाही नियमाचा स्वीकार एका दिवसात झाला नसणार. तिथे गुरूंनी जेवणाची अट दर्शनाला जोडली होती. आपल्याकडे ती आरतीच्या मानाला जोडता येईल. ज्यांना आरतीचं तबक हवं त्यांनी आधी पंगतीत बसावं, कढईवर ज्या कोणाचा हात असेल त्याचं खाऊन.